होम थिएटर वाचवायचं कसं? इन्व्हर्टर विकण्याआधी ग्राहकाचं अर्थिंग बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर एक जळालेला होम थिएटर रिसीव्हर उघडून दाखवला. व्हिडिओ छोटा असतो, त्यात हिशोब आणि मीटरची रीडिंग नीट सांगता येत नाहीत. म्हणून हा धडा लिहून देतोय. ज्यांना इन्व्हर्टर-बॅटरीचं, टीव्ही-साउंड फिटिंगचं किंवा छोटं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान सुरू करायचं आहे त्यांनी वही घेऊन बसा. आज माल कसा विकायचा यापेक्षा कुठल्या घरात कुठला माल विकायचा नाही, यावर जास्त बोलणार आहे.

आमचं अलोरे म्हणजे कोयना प्रकल्पाचं गाव. पोफळीचं भूमिगत वीजगृह शेजारी, कोळकेवाडीचं धरण डोक्यावर. कोयना प्रकल्पाची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. बाहेरचा पाहुणा आला की हमखास विचारतो, "तुमच्याकडे लाईट जातच नसेल ना?" आम्ही हसतो. वीजगृहात तयार झालेली वीज मोठ्या दाबाच्या लाईनवर चढून थेट ग्रीडला जाते. आपल्या घरात येते ती सबस्टेशन, मग ११ केव्हीची लाईन, मग डीपी, मग खांबावरच्या तारा असा फेरा मारून. आणि ही शेवटची लाईन आमच्याकडे आंबा, फणस, नारळ, सागाच्या मधून जाते. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की एक फांदी पुरते. धरणाशेजारी राहिल्याचा उपयोग तिथे शून्य.

हे सांगायचं कारण, जो बिघाड मी सांगणार आहे तो याच शेवटच्या तारेवर झाला होता.

माझी चूक

दुकान सुरू करून फार वर्षं झाली नव्हती. मुंबईहून रिटायर होऊन गावी परत आलेले एक काका. घर बांधलं, हॉल मोठा ठेवला आणि हौसेने ५.१ चा सेट लावला. रिसीव्हर, पाच स्पीकर, सबवूफर, ५५ इंची टीव्ही. सेट त्यांनी मुंबईहूनच आणला होता, माझ्याकडे आले ते "लाईटचं काहीतरी कर" म्हणून. मी त्यांना एक इन्व्हर्टर-बॅटरी विकली आणि टीव्हीच्या मागे लावायला एक स्पाइक गार्ड दिला. म्हटलं, "काका, आता बिनधास्त राहा." या एका वाक्याची किंमत मला पुढे कळली.

पुढच्या मे महिन्यात संध्याकाळी वारं सुटलं, लाईनवर फांदी पडली आणि न्यूट्रल तुटला. वाडीतल्या काही घरांत दिवे डिम झाले, काही घरांत एकदम भगभगीत पेटले. काकांचं घर दुसऱ्या प्रकारात. हॉलमध्ये फक्त टीव्ही आणि रिसीव्हर स्टँडबायवर होते, बाकी घरात एखादा दिवा. स्पाइक गार्डमधून धूर आला, मागोमाग रिसीव्हर गेला, सबवूफर गेला. टीव्ही नशिबाने वाचला.

मग इन्व्हर्टर काय करत होता? तो व्यवस्थित होता. पण आपल्याकडे बहुतेक घरांत वायरमन इन्व्हर्टरच्या लाईनवर फक्त दिवे-पंखे घेतो. टीव्हीचा बोर्ड सरळ मेनवर होता आणि मी तो बघितलाच नव्हता. त्या बोर्डाच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थच्या पिनला, वायरच जोडलेली नव्हती, हे तर मला नंतर कळलं.

काका दुसऱ्या दिवशी रिसीव्हर रिक्षात घालून दुकानात आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, तू म्हणालेलास ना बिनधास्त राहा?"

रिसीव्हर दुरुस्त होण्यासारखा नव्हता. पॉवर सप्लाय आणि एचडीएमआयचा बोर्ड दोन्ही गेले होते. नवा रिसीव्हर मी त्यांना माझ्या खरेदीच्या भावात दिला आणि अर्थिंगचं काम माझ्या खर्चाने करून घेतलं. त्या स्पाइक गार्डवर मला ८० रुपये सुटले होते. काका अजूनही माझे ग्राहक आहेत. पण त्याच वाडीतल्या एका घराने त्यानंतर माझ्याकडून साधा बल्बही घेतलेला नाही. गावात धंदा करायचा तर हा आकडा कुठल्याच खातेवहीत दिसत नाही, पण असतो.

तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधं

ग्राहक येतो आणि म्हणतो, "लाईटचा प्रॉब्लेम आहे." हे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं. तुम्हाला शोधायचंय की यातला नेमका कुठला प्रॉब्लेम.

पहिला, लाईट जाते. यात मशीन सहसा जळत नाही, फक्त बंद पडतं. औषध इन्व्हर्टर किंवा यूपीएस.

दुसरा, व्होल्टेज चुकीचं येतं आणि बराच वेळ तसंच राहतं. काही सेकंद, काही मिनिटं, कधी तासभर. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. येतात १६० किंवा ३००. काकांच्या घरी झालं ते हे. न्यूट्रल तुटल्यावर असं का होतं ते एकदा समजून घ्या, ग्राहकाला समजावताना उपयोगी पडतं. खांबावर तीन फेज असतात आणि सगळ्यांना मिळून एक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकामागोमाग जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ही वाटणी बरोबरीची नसते. ज्या घरात पंप, फ्रिज, मिक्सर चालू आहे त्याला कमी मिळतात, ज्या घरात एक दिवा आणि स्टँडबायवरचा टीव्ही आहे त्याला जास्त. म्हणजे जो माणूस वीज वाचवतो त्याचंच सामान आधी जळतं!

तिसरा, सर्ज. वीज जवळपास कोसळली किंवा मोठ्या लाईनवर स्विचिंग झालं की हजारो व्होल्टचा झटका येतो, पण सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतक्या वेळापुरता. स्पाइक गार्ड आणि एसपीडी यासाठी बनलेले आहेत. त्यांच्या आत एमओव्ही नावाची एक चकती असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती रस्ता उघडते आणि झटका अर्थकडे किंवा न्यूट्रलकडे वळवते. झटका क्षणाचा असेल तर ती वाचते. पण ३३० व्होल्ट दहा मिनिटं आले तर ती तापते, जळते आणि मग तुमच्या टीव्हीच्या मधे कोणीच उरत नाही. काकांच्या स्पाइक गार्डमधून आलेला धूर त्या चकतीचा. मी दुसऱ्या रोगाला तिसऱ्या रोगाचं औषध दिलं होतं.

आणि एमसीबी? दर चार ग्राहकांमागे एक म्हणतो, "आमच्याकडे एमसीबी आहेत, काळजी नाही." एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही. वायर जळू नये म्हणून तो आहे. आरसीसीबी ३० मिलीॲम्पिअरचा असेल तर तो माणसाचा जीव वाचवायला आहे. दोन्ही हवेतच, पण दोन्ही तुमचा रिसीव्हर वाचवणार नाहीत.

घरी गेल्यावर आधी मीटर काढा

आता मी दुकानात बसून कोणाला संरक्षणाचा माल विकत नाही. घरी जातो. पिशवीत एक चांगला मल्टीमीटर, एक क्लॅम्प मीटर, टॉर्च आणि वही. टीव्हीच्या बोर्डावर तीन रीडिंग घेतो: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. शक्य असेल तर एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठच्या सुमारास बघा, गावात फरक पडतो. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच यायला हवं. तिथे ७०, ९०, १२० असं काहीतरी तरंगतं रीडिंग आलं तर अर्थ नाहीच असं समजा. न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. जास्त दिसले तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थ खराब आहे.

आणि अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका. बोर्ड उघडून बघायला सांगा. काही जण अर्थची वायर ओढायचा कंटाळा म्हणून बोर्डाच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. तीन दिव्यांचा जो सॉकेट टेस्टर मिळतो त्यावर हे सगळं छान दिसतं. पण त्या दिवशी न्यूट्रल तुटला तर टीव्हीची, फ्रिजची, ॲम्प्लिफायरची लोखंडी बॉडी थेट जिवंत होते. असं घर सापडलं तर बाकी विक्री बाजूला ठेवा, आधी ते काढायला लावा. यात घासाघीस नाही.

मल्टीमीटरची एक मर्यादा माहीत असू द्या. तो इतका कमी करंट घेतो की कमकुवत अर्थवरही फेज-अर्थ २३० दाखवू शकतो. अर्थ खरोखर चांगलं आहे की नाही ते अर्थ टेस्टरने कळतं आणि ते काम वायरमनचं.

इथे कोकणातल्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. आपली घरं जांभ्यावर, कातळावर. पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा अर्थिंग चांगलं दाखवतं आणि एप्रिल-मे मध्ये, नेमकं वळवाच्या विजा सुरू व्हायच्या वेळी, खड्डा ठणठणीत कोरडा होतो. म्हणून अर्थिंग तपासायचं तर मे महिन्यात तपासा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायला सांगा. नवीन करत असाल तर बेंटोनाइटसारखं ओलावा धरून ठेवणारं मिश्रण भरलेलं घ्या. आणि होम थिएटरसाठी म्हणून अंगणात एक वेगळा रॉड ठोकायचा आणि घराच्या अर्थला जोडायचाच नाही, हा प्रकार कोणी सुचवला तर नको म्हणा. वीज जवळ पडली की दोन अर्थमध्येच मोठा फरक तयार होतो आणि तो तुमच्या यंत्रातून वाहतो. रॉड कितीही असू देत, सगळे एकमेकांना जोडलेले हवेत.

स्पीकरमधून "घुंऽऽ" आवाज येतो म्हणून ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापणारे लोकही मी बघितलेत. आवाज जातो हे खरं, पण त्याबरोबर संरक्षणही जातं.

आता नवीन उद्योजकांसाठी महत्त्वाचं: बोर्डाबाहेरून मीटर लावणं वेगळं आणि मेन बोर्ड उघडून त्यात काम करणं वेगळं. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करायचं असतं. तुमच्याकडे परवाना नसेल तर तुमच्या भागातला एक चांगला परवानाधारक वायरमन शोधा आणि त्याच्याशी पक्कं ठरवा. त्याची मजुरी ग्राहकाने थेट त्याला द्यावी, मी त्यातून कमिशन घेत नाही. काही जण घेतात. माझा अनुभव असा की कमिशन घेतलं की वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात काटकसर करतो.

मग नेमकं काय लावायचं?

घराच्या मेन बोर्डात दोन वस्तू. एक, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो लाईन तोडतो आणि लाईट नीट झाली की थोडा वेळ थांबून परत जोडतो. वरची मर्यादा मी २६०-२७० च्या दरम्यान ठेवायला सांगतो. काकांच्या घरी हा असता तर न्यूट्रल तुटला त्या दिवशी घर अंधारात गेलं असतं, बाकी काही नाही. माझ्या मते गावातल्या घरात सगळ्यात जास्त उपयोगाची आणि सगळ्यात कमी विकली जाणारी वस्तू हीच. कारण तिला चमकदार डबा नाही आणि गिऱ्हाइकाला दाखवायला काही नाही.

दोन, टाइप २ चा एसपीडी. घेताना सतत सहन करण्याचं व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० लिहिलेलं बघा, आपल्याकडच्या चढत्या-उतरत्या लाईनला ते बरं. त्याच्या वायरी लांबलचक ठेवू नयेत. फेजपासून एसपीडी आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसल्या पाहिजेत. हे वायरमनला मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने गोल फिरवून सुंदर वळसे घालतो. एसपीडीला एक खिडकी असते, हिरवी असेल तर चालू, लाल झाली तर बदला. तो झिजणारा माल आहे, कायमचा नाही.

मग टीव्हीच्या मागे स्पाइक गार्ड, हा शेवटचा पहारेकरी. डब्यावर जूलचा आकडा आणि गार्ड जिवंत आहे हे सांगणारा दिवा नसेल तर तो स्पाइक गार्ड नाही, लाल बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड आहे. नुसत्या एक्स्टेंशन बोर्डाचीच किंमत घ्या.

आणि डिशची केबल? वीज फक्त प्लगमधून येत नाही. छपरावरच्या छत्रीपासून येणारी तांब्याची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये जाते, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये, तिथून टीव्हीत. वीज पडली की एका माळेत सगळे एचडीएमआय पोर्ट जातात आणि ग्राहक म्हणतो, "पण मी प्लग काढला होता हो!" प्लग काढला, केबल राहिली. छत्रीचा पाइप घराच्या अर्थला जोडायला सांगा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत केबलही काढायची सवय लावा. ज्यांच्याकडे फायबरचं इंटरनेट आहे त्यांना त्या वायरीची भीती नाही, काचेच्या तंतूतून झटका येत नाही. राउटरच्या ॲडॉप्टरमधून मात्र येऊ शकतो.

थेट घरावर किंवा शेजारच्या माडावर वीज पडली तर यातलं काहीच शंभर टक्के वाचवत नाही. हे ग्राहकाला तोंडावर सांगा. वीज डोक्यावर कडाडायला लागल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नये, आधीच काढावा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप आहे, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं. फुकट आहे. मी प्रत्येक ग्राहकाच्या मोबाईलवर ते स्वतः टाकून देतो. यात मला काही मिळत नाही, पण ते घर मला विसरत नाही.

इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी

संरक्षण झालं की मगच बॅकअपचं बोलायचं. तिथेही मी एक प्रश्न आधी विचारतो: "लाईट गेल्यावर सिनेमा पूर्ण बघायचाय की मशीन नीट बंद करायचंय?"

नीट बंद करायचं असेल तर छोटा यूपीएस पुरतो. विशेषतः दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर. त्याचा दिवा खूप तापतो, बंद केल्यावर पंखा काही मिनिटं फिरून त्याला थंड करतो. लाईट अचानक गेली की पंखाही थांबतो आणि दिव्याचं आयुष्य कमी होतं. इथे दहा मिनिटांचा बॅकअप सोन्यासारखा. पण ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस ६०० वॉट चालवत नाही, साधारण ३६० वॉटच चालवतो. मागचं लेबल ग्राहकासमोर वाचा.

सिनेमा पूर्ण बघायचा असेल तर हिशोब करा. स्पीकरच्या खोक्यावरचे "१००० वॉट" विसरा, तो दिखाव्याचा आकडा. क्लॅम्प मीटर लावून नेहमीच्या आवाजात करंट मोजा. समजा टीव्ही १३०, रिसीव्हर १००, सबवूफर ४०, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून ३०. झाले ३०० वॉट. बॅटरी १५० एएच, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातली ८० टक्केच वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी तूट धरून पुन्हा ८० टक्के घ्या. उरले साधारण ११५०. भागिले ३००, पावणेचार तास. ही बॅटरी नवी असताना. दिवे-पंखेही त्याच इन्व्हर्टरवर असणार. म्हणून ग्राहकाला अडीच-तीन तास सांगा. जास्त निघाले तर तो चार लोकांना सांगेल. कमी निघाले तरीही सांगेल.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच द्या. स्क्वेअर वेव्हवर टीव्ही चालेल, पण ज्या ॲम्प्लिफायरमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आहे तो गुरगुरतो आणि तापतो. लाईट असताना बहुतेक घरगुती इन्व्हर्टर मेनची लाईट जशीच्या तशी पुढे पाठवतात, हेही लक्षात ठेवा. बऱ्याच मॉडेलना मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडमध्ये तो व्होल्टेजची मर्यादा घट्ट धरतो आणि लवकर बॅटरीवर जातो. टीव्हीचा बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला असेल तर हे बटण यूपीएसवर ठेवा. ज्या घरात व्होल्टेज कायम कमी असतं तिथे मात्र या मोडमध्ये बॅटरी सारखी वापरली जाईल, मग आधी लाईनचं बघावं लागेल.

स्टॅबिलायझर हवा का? टीव्हीच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर डिम लाईटसाठी त्याला स्टॅबिलायझरची गरज नाही. रिसीव्हरच्या मागे फक्त २२० ते २४० लिहिलेलं असेल आणि घरात १८० येत असतील, तर आहे.

बंद घरांचा विषय आमच्याकडे खास. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात, बाकी घर कुलूपबंद. अशा घराला मोठी ट्यूब्युलर बॅटरी विकणं सोपं आहे, माणूस घाईत असतो, खिशात पैसे असतात. पण मेन स्विच बंद करून गेला तर बॅटरी चार-पाच महिने चार्जशिवाय पडते आणि मरते. चालू ठेवून गेला तर पाणी आटतं आणि विजांच्या दिवसांत घर उघडं राहतं. मी त्यांना इन्व्हर्टर विकत नाही. व्होल्टेज प्रोटेक्टर, छोटा यूपीएस आणि जाताना काय काय काढायचं याची मेन बोर्डाच्या दारावर चिकटवलेली यादी, एवढंच. चिपळूणच्या बाजारपेठेच्या भागात घर असेल तर २०२१ च्या जुलैमधला पूर आठवा आणि बॅटरी, यूपीएस, खालचे बोर्ड जमिनीलगत ठेवू नका.

पैसे कशात आहेत?

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करून सुटतं काय? माझी पद्धत सांगतो. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदला.

घरी जाऊन तपासणीचे समजा ३०० रुपये. माल घेतला तर बिलातून वजा. सुरुवातीला लोक म्हणायचे, "बघायचे कसले पैसे?" पण रीडिंग लिहिलेला कागद हातात दिला की कुरकुर कमी होते. त्या कागदावर तारीख, तिन्ही रीडिंग, अर्थ आहे की नाही, टीव्हीचा बोर्ड कुठल्या लाईनवर आहे, डिशची केबल कशी आली आहे, आणि माझी सूचना कुठल्या क्रमाने आहे हे लिहितो. खाली एक ओळ हमखास: या वस्तूंमुळे कशापासून संरक्षण मिळत नाही. ग्राहकाची सही घेतो. काकांच्या वेळी असा कागद असता तर निदान माझी मान ताठ राहिली असती.

कोटेशन देताना ग्राहक म्हणाला "एवढे पैसे नाहीत", तर खालून कापा. इन्व्हर्टर पुढच्या वर्षी, एसपीडी नंतर, पण अर्थिंग आणि व्होल्टेज प्रोटेक्टर आधी. गंमत अशी की अर्थिंगमध्ये मला एक रुपयाही मिळत नाही. प्रोटेक्टरवर थोडं सुटतं. पण ते घर यादीत येतं. मेच्या पहिल्या आठवड्यात मी यादीतल्या प्रत्येकाला फोन करतो, वार्षिक तपासणी. एसपीडीची खिडकी, बॅटरीचं पाणी, अर्थचं रीडिंग, बोर्डातल्या मुंग्या. हो, मुंग्या आणि पाली आमच्याकडे लाईटपेक्षा जास्त बोर्ड खराब करतात! बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा ते घर दुसरीकडे भाव विचारायला जात नाही.

बिलाबरोबर वॉरंटी कार्ड नीट वाचून दाखवा. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत व्होल्टेजच्या चढ-उताराने किंवा विजेमुळे झालेलं नुकसान बसत नाही. ज्यांचं सामान महाग आहे त्यांना घराच्या विम्याबद्दल विचारायला सांगा. एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात आकाशातली वीज पडून झालेलं नुकसान येतं. विद्युत बिघाडाने जळलेल्या यंत्राचं वेगळं विचारून घ्यायचं. विमा विकायला जाऊ नका, तो आपला धंदा नाही.

या आठवड्याचं काम. स्वतःच्या घरातल्या टीव्हीच्या बोर्डावर तीन रीडिंग घ्या, दुपारी आणि रात्री. मीटर आधी कधी हातात घेतला नसेल तर वायरमनला सोबत घ्या. तारखेसकट वहीत लिहा. मग हीच तीन रीडिंग पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा घ्या आणि शेजारी शेजारी लिहा. पुढच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानाची दोन्ही रीडिंग दाखवणार आहे आणि पहिल्या वेळी ती माझ्याच दुकानात किती खराब निघाली होती तेही.